आईच्या कोटांचा कोड

कापड आणि तयार कपड्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार हा विषय मी निवडला नव्हता. शेवटच्या वर्षाला प्रकल्प सक्तीचा असतो आणि सरांनी विषय हजेरीच्या क्रमाने वाटले. माझ्या आधीच्या मुलीला कांद्याची निर्यात मिळाली. तिला मी कितीतरी दिवस मनातल्या मनात बोल लावत होते. कांदा हा कांदा असतो. तो होजरीचा आहे की मागावरचा, बाप्याचा आहे की बाईचा, असं त्याला कुणी विचारत नाही.

सरांनी फळ्यावर एका संकेतस्थळाचा पत्ता लिहिला. जगातले बहुतेक देश आपण काय विकलं, काय घेतलं, कुणाकडून आणि किती डॉलरचं, हे तिथे कळवतात आणि ते कुणालाही फुकट बघता येतं, असं ते म्हणाले. "सगळं जग तुमच्या बोटांवर आहे," असंही म्हणाले. मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि घरी जाऊन आईला वाचूनही दाखवलं. ते वाचून दाखवायला नको होतं, हे पुढे कळलं.

आई वाळूजच्या एका कारखान्यात काजाच्या मशीनवर आहे. आमच्या बजाजनगरच्या खोलीपासून चालत जाण्याइतकं ते जवळ आहे. तिथे डॉक्टर घालतात तसे पांढरे कोट तयार होतात आणि खोक्यांत भरून आखातातल्या एका देशात जातात. एक बाई बाह्या लावते, एक कॉलर बसवते, आई बटणं अडकवायची काजं पाडते. पूर्ण कोट तिने कधी शिवलेला नाही आणि कुणाच्या अंगावर गेलेला तर बघितलेलाच नाही. पण विषय ऐकून ती खूश झाली. "मग सोप्पंच हाय की," ती म्हणाली. "आपलाच धंदा."

सोपं काहीच नव्हतं. संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर चार चौकटी होत्या आणि पहिल्या चौकटीत लिहिलं होतं, 'रिपोर्टर' निवडा. मला वाटलं बातमीदार. कुठला बातमीदार निवडायचा? लॅबमध्ये शेजारच्या कंप्युटरवरच्या मुलाला विचारावंसं वाटलं, पण त्याने काहीतरी डाउनलोडला लावलं होतं आणि तो इतका निवांत बसला होता की माझं तोंड उघडेना. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. त्यामुळे कुठला प्रश्न मूर्खपणाचा आणि कुठला सगळ्यांनाच पडतो, हे मला ओळखता येत नाही. म्हणून मी बहुतेक वेळा कुठलाच विचारत नाही. रिपोर्टर म्हणजे माहिती कळवणारा देश आणि पार्टनर म्हणजे ज्याच्याशी व्यवहार झाला तो देश, हे मला चुकत चुकत कळलं. तोवर मी भारताचा भारताशी असलेला व्यापार शोधत होते आणि तो सापडत नाही म्हणून रडकुंडीला आले होते.

त्या संकेतस्थळाला वस्तूंची नावं चालत नाहीत. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर दिलेला आहे आणि तो नंबर टाकावा लागतो. अंगावरच्या कपड्यांचे नंबर सहाने सुरू होतात. एकसष्ट म्हणजे होजरीचे, बनियन-टीशर्टसारखे. बासष्ट म्हणजे मागावरच्या साध्या कापडाचे. पाचाने सुरुवात केली तर सूत आणि कापड येतं, साताने केली तर लोखंड. आता गंमत अशी, की आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मला जे मशीन मिळायचं त्याचा सहाच अडकायचा.

हे दसऱ्यापासून झालं होतं. लॅब सांभाळणाऱ्या मामांनी खंडेनवमीला सगळ्या मशीनची मनापासून पूजा केली होती. प्रत्येकाला हळद-कुंकू, झेंडूचं फूल आणि वरून पाण्याचा शिंतोडा. बाकीच्या मशीनचं काही बिघडलं नाही, माझ्या मशीनचं कुंकू मात्र सहाच्या बटणाखाली उतरलं. सहा दाबला की कधी उमटायचाच नाही आणि कधी तीनदा उमटायचा.

"मामा, ह्याचा सहा अडकतोय," मी म्हटलं.

"मग दुसरा आकडा दाब की."

"दुसरा दाबला तर दुसरीच वस्तू येते."

मामांनी येऊन अंगठ्याने दोनदा जोरात दाबून बघितलं. पडद्यावर सहांची रांग उमटली. "हे बघ, चालू है," ते म्हणाले. "बटन एकदम झकास है. नेट आज हल्लू है. तू उद्या ये."

मी उद्या आले. परवाही आले. चपला दाराबाहेर काढायच्या, मशीनवरचं कापडी आवरण काढून घडी घालायची, सहाशी झटापट करायची, आणि गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसायचं. बऱ्याचदा ते चक्र थांबून सांगायचं की तुम्ही फार जास्त माहिती मागितली आहे, थोडी कमी मागा. मला राग यायचा. मी काय जास्त मागितलं होतं?

दिवाळी झाली आणि आईच्या कारखान्यात वेगळंच सुरू झालं. सुपरवायझर सांगू लागला की बाहेरून कोटांना मागणी राहिली नाही, एक लाइन बंद करावी लागेल. मालकाचं चिकलठाण्यालाही एक युनिट आहे. तिथे शाळेचे गणवेश शिवतात. ज्यांना काम टिकवायचंय त्यांनी तिथे जायला नावं द्यावीत, येत्या शनिवारपर्यंत. ज्यांनी नाव दिलं नाही आणि लाइन बंद झाली, त्यांचं दोन्हीकडचं गेलं.

वाळूज शहराच्या एका टोकाला, चिकलठाणा दुसऱ्या. आईला दोन रिक्षा बदलून अख्खं शहर ओलांडावं लागलं असतं. तिथे नगामागे मिळतंही कमी. आणि आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी दुपारी तिला जेवणाच्या सुट्टीत धावत घरी येऊन पिंपं भरता येतात, ते गेलं असतं. पप्पांच्या पाळ्या बदलत्या, माझं कॉलेज. ती एरवी फार बोलत नाही, पण त्या आठवड्यात भाकऱ्या थापतानाही तिचं तेच चालू होतं.

"खरंच मागणी नाय, का ह्यो बनवतोय?" ती म्हणाली. "तेवढं बघून सांग. तुझ्याकडं सगळ्या जगाचं हाय ना?"

"आई, ते तसं नसतं."

"मग कसं असतं? तूच म्हनलीस बोटावर हाय म्हणून."

खरं तर मला बरंही वाटलं होतं. इतकी वर्षं मी काय शिकते हे तिने कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायचं काय हेच तिला सुचत नसणार. आता तिला माझ्याकडून एक गोष्ट हवी होती. मी सरांना प्रकल्पाचा भाग म्हणून सांगितलं की मी फक्त डॉक्टरांच्या कोटांचा अभ्यास करते. सर म्हणाले, "छान, नेमकं करा."

नेमकं करायला गेले तर डॉक्टरांच्या कोटाला नंबरच सापडेना. ओव्हरकोटाला होता. सुटाला होता. रुमालाला होता. शेवटी ते कोट निघाले बासष्ट अकरामध्ये. बर्फावर घसरताना घालायचे कपडे, पोहायचे कपडे आणि त्यांच्या मागे 'इतर कपडे', त्यात. आईला सांगितलं तर तिने परातीतला हात थांबवला.

"पवायच्या कपड्यात? आमचे कोट?"

"पोहायच्या नाही, इतरमध्ये."

"इतर म्हंजी?"

"म्हणजे जे कशातच बसत नाही ते."

"व्हय, मग आमचंच," ती म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली.

तिथेही संपत नव्हतं. इतरमध्ये सुती वेगळे, पॉलिस्टरचे वेगळे. आईने कारखान्यातून एक वाया गेलेलं लेबल आणलं. त्यावर पॉलिस्टर जास्त होतं, म्हणून ते सुटलं. मग पुरुषांचे वेगळे आणि बायकांचे वेगळे.

"डॉक्टर बाप्या बी असतो अन् बाई बी असती," आई म्हणाली. "समद्यांला एकच कोट जातो."

"पण नंबर दोन आहेत."

त्यासाठी नियम होता. तो मी दोनदा वाचला, कारण कुणीतरी देशोदेशीची माणसं जमवून असा नियम केला असेल यावर विश्वास बसेना. कपडा पुढून बंद होताना डावी बाजू उजवीवर आली तर तो पुरुषाचा. उजवी डावीवर आली तर बाईचा. आणि कशावरूनच कळत नसेल तर बाईचा धरावा.

"कळंना तर घाला बाईच्या गळ्यात," आई म्हणाली. "तिकडं बी तेच हाय म्हन की."

"आई, नीट सांग. काज कुठल्या अंगाला असतं? डाव्या का उजव्या?"

तिने डोळे मिटले. दोन्ही हात पुढे धरले आणि मशीनवर कापड सरकवल्यासारखे हलवले. "उजव्या."

"नक्की?"

"अगं माय, रोज पाडते मी. उजव्या."

काज असलेली बाजू वर येते. ती उजवी, म्हणजे उजवी डावीवर. म्हणजे बायकांचा. मी बायकांचा नंबर टाकला, आपला देश टाकला, समोर आखातातला तो देश टाकला, आणि चक्राकडे बघत बसले.

जे आलं त्याने माझी चिडचिड आणखी वाढली. आपण कळवल्याप्रमाणे त्या देशाला जेवढं पाठवलं होतं, तेवढं त्या देशाने घेतल्याचं कळवलंच नव्हतं. दोन्ही आकडे वेगळे. मला वाटलं सहाने घोळ घातला. मी पुन्हा केलं. मामांना सांगून मशीन बदलून केलं. तरी तेच. शेवटी सरांकडे गेले.

"सर, दोन्ही बाजू जुळत नाहीत."

"जुळणारच नाहीत," सर पेपर तपासता तपासता म्हणाले. "आपण बंदरात चढवताना किंमत लावतो, ते उतरवताना लावतात, त्यात भाडं आलं, विमा आला. शिवाय डिसेंबरात निघालेला माल जानेवारीत पोचतो. मधल्या कुठल्या बंदरातून गेला तर नाव त्या बंदराच्या देशाचं लागतं."

"मग खरं कुठलं धरायचं?"

"दोन्ही खरे आहेत. तळटीप द्या."

तळटीप! घरी मी हे आईला सांगितलं. ती ऐकून घेत म्हणाली, "निघाले एवढे, पोचले तेवढे. मधी कुणी खाल्ले?" आणि कोटांचं वजन किलोत दिलंय म्हटल्यावर ती हसायलाच लागली. "किलोवर? भंगारवाल्याला इकतात का काय?"

पण एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या आकड्यांत सारखी होती. दरवर्षी ते खाली येत होते. आलेख काढला तर पट्ट्या एकीपेक्षा एक बुटक्या, जिन्याच्या पायऱ्या उतरत आल्यासारख्या. त्याबद्दल तळटीप लागत नव्हती. गुरुवारी मी आईला सांगितलं की मागणी खरंच कमी होतेय.

तिने एकदाच विचारलं, "लई कमी?"

"हो."

"म्हंजी खरं बोलतोय तो." मग तिने कुकरची शिटी बाजूला केली, वाफ जाऊ दिली, आणि म्हणाली, "मंग देऊ नाव. काय करता."

शुक्रवारी संध्याकाळी पप्पांच्या कंपनीच्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं. आईने शर्ट पलंगावर पसरला, सुई ओवली आणि बोलता बोलता, सवयीने, शर्टाच्या पुढच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "असंच असतं बघ आमच्या कोटाला," ती म्हणाली. "हिकडं बटन, हिकडं काज. उजव्या अंगाला."

मी बघितलं. शर्ट उताणा होता, कॉलर तिच्यापासून लांब. काजपट्टी तिच्या उजव्या हाताला होती. बरोबर होतं. पण तो पप्पांचा शर्ट होता.

"आई, थांब."

"आगं सुई हाय."

मी सुईसकट तो शर्ट उचलला आणि अंगात घातला. बटणं लावली. काजपट्टी माझ्या डाव्या अंगाला आली होती आणि डावी बाजू उजवीवर बसली होती. मी तशीच उभी राहिले. शर्ट माझ्या गुडघ्यापर्यंत आला होता आणि सुई कुठेतरी कमरेला टोचत होती.

"काय झालं?" आई म्हणाली.

"तू समोरून सांगितलंस. कोट अंगात घालणाऱ्याच्या उजव्या अंगाला नाही, तुझ्या उजव्या हाताला."

"मग मला कुठल्या बाजूनं दिसनार? मी काय कोटात बसते का?"

मी विचारलं होतं ते चूक नव्हतं आणि तिने सांगितलं होतं तेही चूक नव्हतं. तरी आम्ही दोघींनी मिळून तिचे सगळे कोट बायकांचे करून ठेवले होते. मला इतका संताप आला की तो कुणावर काढावा कळेना. त्या नियमावर, त्या सहावर, त्या इतरवर. आणि दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

सकाळी लॅब उघडायच्या आधीच मी दाराशी चपला काढून बसले. मामा किल्ल्या वाजवत आले. "एवढ्या लवकर? परीक्षा है का?"

"त्याच्यासारखंच आहे, मामा."

दुसऱ्यांदा दाबल्यावर सहा उमटला. पुरुषांचा नंबर टाकला. चक्र फिरलं, थांबलं, म्हणालं जास्त मागितलंय. मी मागची काही वर्षं कमी केली आणि आधी न घेतलेलं सगळ्यात अलीकडचं वर्ष घातलं. पुन्हा फिरलं. आणि मग पट्ट्या आल्या. या चढत होत्या. फार नाही, पण चढत होत्या. फक्त शेवटच्या वर्षाच्या जागी काहीच नव्हतं. नुसती रिकामी जागा.

"आँ? बंद पडलं का ते?" मामा माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले.

त्या वर्षी एकही कोट गेला नाही? सर तेवढ्यात दारातून चालले होते. मी चपला न घालताच त्यांच्यामागे धावले. "सर, शेवटचं वर्ष शून्य आलंय."

सरांनी आत येऊन पडदा बघितला. "हे शून्य नाही. हे रिकामं आहे. या देशाने अजून कळवलेलं नाही."

"मग आपल्या बाजूने बघू?"

"त्याच वर्षाचं आपलंही सगळं आलेलं नाही. वेळ लागतो."

"पण सर, मला आत्ताचंच हवंय."

"आत्ताचं कुणाकडेच नसतं," सर म्हणाले. "व्यापाराचा अभ्यास मागचाच असतो." आणि मग माझ्याकडे नीट बघून, "प्रकल्पाला एवढं पुरेल," असंही म्हणाले. मी मान हलवली. प्रकल्पाचा मला त्या क्षणी विसर पडला होता.

आईला फोन करून उपयोग नव्हता. त्यांचे मोबाईल जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेटवर ठेवून घेतात. मी आलेखाची प्रत काढली आणि रिक्षा पकडून वाळूज गाठलं. सुट्टी झाली होती. गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली लाइनच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. आईच्या शेजारी बाह्या लावणाऱ्या काकू होत्या. त्यांना मी लहानपणापासून ओळखते. त्यांनी मला बघून आईला कोपरखळी मारली, "आली तुझी कलेक्टरीण."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. की तो नंबर चुकला होता. की कोट कमी झाले नाहीत, वाढलेत. पण ते मागच्या वर्षाच्या आधीपर्यंतच, पुढचं कुणालाच माहीत नाही. आणि हे अख्ख्या देशाचं आहे, यांच्या कारखान्याचं नाही. आणि यात फक्त डॉक्टरांचेच कोट नाहीत, 'इतर'मधले बाकीचे कपडेही आहेत. मी एवढं सगळं सांगितलं आणि आईने त्यातलं एकच घेतलं.

"वाढलेत?"

"आई, मी काय म्हणाले ते ऐक ना."

"ऐकलं. दे कागद."

"हे घेऊन तू कुठे चाललीस?"

"त्याला दाखवते."

"अगं पण हे आपल्या कंपनीचं नाहीये."

"त्याला कुठं म्हाईत?"

सुपरवायझर समोरच्या टपरीवर चहा घेत होता. माझ्याहून थोडाच मोठा असेल. आई गेली, काकू गेल्या, त्यांच्यामागे मी गेले, कारण कागद माझा होता.

"क्या मावशी, नाव लिहू ना तुमचं?" तो म्हणाला.

"लिहा की. पन आधी हे बघा, भाऊ. कोट चाललेत बाहेर. चढतेच चाललेत."

त्याने कागद घेतला. चहाचा ग्लास दुसऱ्या हातात धरून बराच वेळ बघितला. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. "कहाँ से लाया?"

"पोरीनं काढलं. कॉलेजातून. सगळ्या जगाचं असतं तिकडं."

"अच्छा." त्याने बोटाने खालचं लिहिलेलं वाचलं. "पण हे पूर्ण इंडियाचं है मावशी. आपल्या कंपनीचं नाही. और ये देखो, मागच्या वर्षाचं तो इसमें हैच नाही."

तो इतका बरोबर बोलत होता की माझी मान आपोआप हलली. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी ती तिथल्या तिथे थांबवली.

"बरं," आई म्हणाली. "मग आपल्या कंपनीचं दाखवा."

"क्या?"

"असंच. उभ्या पट्ट्याचं. किती कोट गेले, कवा गेले."

"ते मेरे पास थोडी रहता है. ऑफिसात असतं."

"मग ऑफिसातून आना. तवर माझं नाव लिहू नका."

"मावशी, आज लास्ट डे है."

"व्हय ना," आई म्हणाली. "मग आजच आना."

काकूंनी डब्याचं झाकण लावता लावता म्हटलं, "माझं बी तसंच हाय भाऊ. आन् तिला दाखवलं की मला बी दाखवा. मला चष्म्याशिवाय दिसत नाय, मोठं काढा."

टपरीवाला हसला. सुपरवायझरने कागद परत दिला, ग्लास ठेवला, आणि बघतो म्हणून आत गेला. मी आईला म्हटलं, लाइन बंद झाली तर? नाव दिलं नाही म्हणून दोन्हीकडचं गेलं तर? तिने डब्यातली उरलेली अर्धी भाकरी माझ्या हातात दिली.

"तूच म्हनलीस ना, पुढचं कुनालाच म्हाईत नाय," ती म्हणाली. "मग त्यालाच कसं म्हाईत?"

भोंगा झाला आणि त्या आत गेल्या. मी ती भाकरी खाल्ली, कारण सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

शनिवारी कुणी काही आणून दाखवलं नाही. नावं द्यायची मुदत पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, मग त्याबद्दल कुणी बोलेनासं झालं. काही बायका आपणहून चिकलठाण्याला गेल्या. आईची लाइन चालू आहे. जादा वेळचं काम मात्र आता मिळत नाही. लाइन का बंद झाली नाही ते मला माहीत नाही. कदाचित ऑर्डर आली असेल. कदाचित ती बंद व्हायचीच नव्हती. मी हे लिहिताना कुठलाही निष्कर्ष काढत नाही, कारण माझ्याकडे त्याचे आकडे नाहीत.

पण हे कुणाला सांगायचं? त्यानंतरच्या एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर काकूंनी सगळ्यांना सांगितलं की माझ्या कंप्युटरने लाइन वाचवली. मी म्हटलं, काकू, तसं नाही, तो आलेख अपुरा होता. काकू म्हणाल्या, "बघा, किती साधी पोरगी." त्यानंतर एका बाईंनी विचारलं की त्यांच्या दिराच्या कंपनीत पिस्टन बनतात, ते जातात का अजून बाहेर. दुसरीने विचारलं, गावाकडं भेंडी लावावी का. मी समजावत राहिले की मी फक्त कपडे बघते, तेही मागचे, तेही अर्धे. त्या माना हलवत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, बरं, सवडीनं बघ.

प्रकल्प मी दिला. तळटिपा इतक्या झाल्या की सर म्हणाले, वर मजकूर कमी आणि खाली जास्त झालाय. काज कुठल्या बाजूने बघितलं हेही एका टिपेत लिहिलं होतं. ते सरांनी काढायला सांगितलं नाही.

आता प्रकल्प संपलाय, तरी मी लॅबमध्ये गेले की एकदा ते पान उघडून बघते. मामांनी कीबोर्ड बदललेला नाही. मी सहा दाबते, जास्तीचे खोडते, आणि ती रिकामी जागा बघून येते. घरी पाऊल टाकलं की आई विचारते.

"भरलं का?"

"नाही."

"कवा भरनार?"

"त्या देशाने कळवलं की."

"मग त्यांला फोन लाव ना," ती म्हणते, आणि ती चेष्टा करते आहे की नाही हे मला अजूनही ओळखता येत नाही. कधीतरी ती जागा भरेल. पट्टी आधीच्यांपेक्षा बुटकी निघाली तर आईला काय सांगायचं, याची मला आत्तापासून काळजी लागली आहे. एकदा मी तिला तसं बोलूनही दाखवलं. ती पप्पांच्या शर्टाला इस्त्री करत होती. तिने शर्ट उलटवला, काजपट्टीवरून इस्त्री फिरवली आणि वर न बघता म्हणाली, "बुटकी निघू दे का उंच निघू दे. मी त्याला ऑफिसातलंच मागनार हाय."